व्याह्यांसाठी लाप

ब्रासो सेकोच्या डोंगरात लग्न असो, बाप्तिस्मा असो की नाताळातला गाण्याबजावण्याचा फड, रानातलं मांस शिजवायचं म्हटलं की बोलावणं अन्सेल्मो गेरेरोलाच जायचं. बाकीचा स्वयंपाक बायकांचा. शिकार मात्र पुरुषांनीच रांधायची, ही त्या डोंगरातली रीत. आणि त्यात अन्सेल्मोचा हात धरणारा कुणी नव्हता. कोकोच्या बागेत कोयता चालवण्यात त्याचा उभा जन्म गेला. बायको देवाघरी गेली, एकुलती मुलगी रोसाल्बा लग्न होऊन खाली सपाटीवर गेली. घरात उरले तो, एक कान फाटलेला कापितान नावाचा कुत्रा आणि धुराने काळीकुट्ट झालेली चूल. माणूस तसा अबोल. पण भांड्यावर झाकण पडलं की गुणगुणायला लागायचा, आणि ते ऐकू आलं की शेजारीपाजारी ताटं घेऊन कुंपणापाशी घुटमळायला लागायचे.

एवढ्या नावाजलेल्या चुलीवरचा एक घासही रोसाल्बाच्या सासरच्यांनी मात्र कधी खाल्ला नव्हता.

सासर कारापिचायमाचं, रामबरनांचं; पिढ्यांपूर्वी समुद्र ओलांडून या बेटावर ऊस तोडायला आलेल्या हिंदू घराण्याचं. अंगणात बांबूवर देवाचे झेंडे, घरात मांसमच्छीचा वाससुद्धा नाही. माणसं मनाने मोकळी. लग्नाला दोन वर्षं झाली, तेवढ्यात तीनदा डोंगर चढून भेटायला आली. ओसरीवर बसली, शहाळ्याचं पाणी प्यायली, गप्पा मारल्या आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत उठली. रोसाल्बा प्रत्येक वेळी गाडीत बसताना मागे वळून बापाकडे बघायची. ते बघणं अन्सेल्मोला आठवडाभर पुरायचं. आपल्या घरचं अन्न ज्यांच्या गळी उतरत नाही त्या घरात आपली पोर राहते, हे त्याला कुठेतरी बोचत होतं.

या दिवाळीला तो लेकीकडे गेला असताना व्याही सोनीलाल रामबरन त्याला गायीच्या गोठ्यामागे घेऊन गेले.

"अन्सेल्मो, एक विचारू? हसायचं नाही."

"विचारा की, कोंपाई." डोंगरातली माणसं व्याह्याला कोंपाईच म्हणतात.

"मी लहान असताना आमचे बाप तुमच्या बाजूच्या एका बागेत राखणीला होते. एका शिकाऱ्याने आम्हाला वाडगाभर शिजवलेला लाप दिला होता. बापाने आणि मी लपून खाल्ला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण काय चव होती! पुढे आजोबांनी गुरूकडून कानमंत्र देववला, मांसमच्छी सगळं सुटलं. आता सत्तरी आलीय. एकदा, एकदाच तो घास परत खावासा वाटतो."

"आणि माई?" अन्सेल्मोने विहिणीबद्दल विचारलं.

सोनीलालनी मान खाली घातली. "तिला सांगितलंय. म्हणाली, 'तुमचं पोट तुमचं. मी येईन, पण माझं ताट वेगळं. आणि कार्तिकाचं स्नान झाल्याशिवाय नाही.'"

म्हणजे दुलारीमाईसुद्धा जेवणार! अन्सेल्मो त्या दिवशी घरी परतला तो जवळजवळ नाचतच.

कार्तिक सरला. शिकारीचा मोसम चालूच होता. रविवारी पाहुणे यायचे म्हणून अन्सेल्मो रानात गेला आणि कापितानने ओढ्याकाठच्या बिळातून एक धष्टपुष्ट लाप उठवला. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असलेलं, डुकराच्या पिलाएवढं ते जनावर. अन्सेल्मोने केस भाजून काढले, कातडी खरवडली, लिंबाने धुतलं, पुन्हा लिंबाने धुतलं, मग आंबट संत्र्यानेही धुतलं. चरबी काढून टाकली. एरवी तो हाडासकट बारीक तुकडे करायचा. आज मोठे केले, म्हणजे सवय नसलेल्या माणसाच्या दातात हाडाची किरच नको. मिरची तर एकच, तीही अख्खी, न फोडता.

शेजारचा तिबुर्सियो कुंपणावरून बघत होता. "कोण आजारी आहे रे?"

"पाहुण्यांसाठी आहे. मांस खात नाहीत."

"मग मांस कशाला करतोस?"

"एक जण खाणार आहे."

"हे असलं धुतलेलं? त्यापेक्षा त्याला साबण दे चघळायला."

अन्सेल्मोने लक्ष दिलं नाही. त्याचं चित्त दुसऱ्या भांड्यात होतं. दुलारीमाईसाठी कालालू: अळूची कोवळी पानं, भेंडी, लाल भोपळा, नारळाचं दूध. त्यासाठी तो खाली अरिमाच्या बाजारात जाऊन कोरं भांडं आणि कोरा चमचा घेऊन आला होता. पानं चिरायची सुरी दगडावर घासून उकळत्या पाण्यात घातली. लापाच्या भांड्यापासून हे भांडं हातभर लांब, वेगळ्या चुलीवर. रविवारी सूर्य वर यायच्या आत सगळं शिजत पडलं होतं. पानं मऊ झाल्यावर त्याने ती रवीने घुसळून अशी एकजीव केली, की हिरवी मखमल.

पाहुणे आले. जावई जगदेव गाडी चालवत होता. सोनीलाल ठेवणीतला सदरा घालून, दुलारीमाई डोक्यावरून ओढणी घेऊन, मांडीवर मोठी पिशवी. रोसाल्बा उतरल्याबरोबर स्वयंपाकघरात घुसली आणि कोरं भांडं बघून बापाच्या गळ्यातच पडली.

ताटं वाढली. दुलारीमाईंच्या ताटात वाफाळता कालालू, उकडलेली कच्ची केळी, कसावाचे कंद. त्यांनी चमचा भरला, वास घेतला आणि थांबल्या.

"छान दिसतोय. कसा केलात?"

अन्सेल्मोला कुणी पाककृती विचारली की तो फुलायचा. "अळूची पानं, माई, देठ सोलून. भेंडी, भोपळा. नारळ आपल्याच झाडाचा. कांद्याची पात, लसूण."

"आणि मीठ कधी घालता? आधी की मागून?"

अन्सेल्मोने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मीठ? मीठ तर त्याने घातलंच नव्हतं. कालालूत मीठ कोण घालतं? मिठाच्या पाण्यात मुरवलेलं डुकराचं शेपूट घालतात, त्यातूनच खारटपणा येतो. त्याच्या आईने तसंच केलं, बायकोने तसंच केलं. आज पहाटे, कोऱ्या भांड्यात, कोऱ्या चमच्याने, लिंबाने धुतलेल्या हातांनी त्याने शेपटाचे तीन तुकडे सोडले होते आणि घुसळण्याआधी काढून कापितानला घातले होते. ते मांस आहे हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

चमचा माईंच्या ओठांपासून वीतभर दूर होता. 'मागून' एवढा एक शब्द पुरला असता. कुणाला काही कळलं नसतं. शेपूट कुत्र्याच्या पोटात होतं.

रोसाल्बाने बापाकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

"माई, चमचा खाली ठेवा," अन्सेल्मो म्हणाला. "मीठ नाही घातलं. डुकराचं शेपूट घातलंय."

जगदेवने डोळे मिटून घेतले. सोनीलालनी आपल्या लापाच्या ताटाकडे असं पाहिलं, जणू ते आता कुणीतरी उचलून नेणार.

"मुद्दाम नाही, माई. हाताला वळण आहे. भांडं नवीन आणलं, सुरी उकळली, आणि हे... माझ्या डोक्याला काय सांगू!"

दुलारीमाईंनी चमचा ताटात ठेवला. अन्सेल्मोच्या पडलेल्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ओढणी तोंडाशी धरूनही हसू आवरेना. "सुरी उकळली! अहो, सुरी उकळली आणि शेपूट..." त्यांनी डोळे पुसले. "आमच्या गल्लीत तुमच्याकडच्या एक बाई राहतात. चाळीस वर्षं मला कालालू आणून देतात आणि म्हणतात, 'यात मांस नाही हं.' म्हणून तर विचारलं मी. खोटं बोलला असतात तरी मला वासाने कळलंच असतं."

"मग आता तुम्ही उपाशी..."

"मी का उपाशी राहू? निखारे आहेत ना? वांगी आहेत? टोमॅटो?"

परसात दोन्ही होतं. दुलारीमाईंनी ओढणी कमरेला खोचली आणि त्या सरळ अन्सेल्मोच्या चुलीपाशी उकिडव्या बसल्या. आजवर त्या चुलीपाशी परक्या बाईने बसायची हिंमत केली नव्हती. वांगी आणि टोमॅटो निखाऱ्यांत गेले. भांडं नको, काही नको. चोखा, म्हणजे त्यांच्याकडचं भरीत, कुस्करायला अन्सेल्मोने भिंतीवरून कालाबाशच्या फळाची पोकळ कवटी काढली. नाताळात विकायला कोरून वाळवलेली, अजून कशाला न लागलेली. माईंनी पिशवी उघडली. आतून निघाली मिठाची पुडी, तेलाची बाटली, जिऱ्याची डबी आणि एक लांब दांड्याची पळी.

"माई! म्हणजे माझ्यावर भरवसा नव्हता?"

"होता की. पण पळी काही जड नसते."

इकडे सोनीलालनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. पुन्हा चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कसं आहे, कोंपाई?"

"चांगलं आहे," ते म्हणाले. मग बिचाऱ्यांच्याने राहवेना. "पण डोळ्यांतून पाणी नाही आलं."

"साबण दे म्हटलं होतं मी!" कुंपणापलीकडून तिबुर्सियो ओरडला.

अन्सेल्मो आणखीनच ओशाळला. ज्याला सवय नाही त्याला जपायचं म्हणून त्याने लापाचं लापपणच धुऊन काढलं होतं. पण तोवर माईंची पळी निखाऱ्यांवर चढली होती. तेल तापलं, जिरं तडतडलं, लसूण लाल झाला, मग त्यांनी अन्सेल्मोकडून दोन तिखटजाळ मिरच्या मागून त्यात चिरून टाकल्या. सगळ्यांना ठसका लागला. अर्धी फोडणी चोख्यावर गेली.

"ते भांडं इकडे सरकवा."

"माई, ते लापाचं आहे."

"माहीत आहे. मी चाखणार नाही. पण काय कमी पडलंय ते वासावरून कळतंय मला."

आणि पळी भांड्याला न टेकवता, वीतभर उंचावरून, दुलारीमाईंनी उरलेली फोडणी लापावर ओतली. असा चर्र आवाज झाला की कापितान झोपेतून उठून बसला. अन्सेल्मोने घाईघाईने झाकण ठेवलं, आणि त्याच्या नकळत तो गुणगुणायला लागला.

सोनीलालनी दुसऱ्यांदा घास घेतला. कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, आणि गालांवरून पाणी ओघळलं.

"हाच," ते म्हणाले. "बापाशप्पथ, हाच."

"'एकदाच' म्हणाला होतात ना?" माई चोखा खाता खाता म्हणाल्या. "हा तिसरा तुकडा आहे."

"एकदाच म्हणजे एका बैठकीत."

शेपटाचा कालालू भांड्यासकट तिबुर्सियोकडे गेला, आणि त्याने पाहुण्यांना मनापासून दुवा दिला. उन्हं कलली तरी कुणी उठायचं नाव घेईना. शेवटी जगदेवने वळणावळणाच्या रस्त्याची आठवण करून दिली तेव्हा कुठे हालचाल झाली. दुलारीमाईंनी कवटी स्वतः धुतली, पुसली, आणि खिडकीशेजारच्या खिळ्यावर टांगली. तिच्याशेजारी पळी अडकवली.

"माई, पळी राहिली," अन्सेल्मो म्हणाला.

"राहू दे. प्रत्येक वेळी कोण आणणार उचलून? आणि हो, या दोन्हींना तुमचा हात लावायचा नाही. तुमच्या हाताला वळण आहे."

रोसाल्बा गाडीत बसली. या वेळी तिने मागे वळून पाहिलं नाही. ती सासऱ्याला पाणी देण्यात गुंतली होती. त्यांचा ठसका अजून थांबला नव्हता.