पाटी घेऊन भंडाऱ्याला

दिघोरीहून सकाळच्या एसटीनं निघालो. मांडीवर आमच्या चहाच्या दुकानाची पाटी होती, चादरीत गुंडाळलेली. पत्र्याचा डबा, पुढे काच, आत ट्यूबलाइट. बायको मेली त्या पावसाळ्यात डब्यात पाणी गेलं आणि काचेवरचं तिचं नाव पोपडे होऊन गळलं. 'चहा सेंटर' तेवढं राहिलं. मुलगा म्हणाला, फ्लेक्स लावू. मी म्हटलं, माझ्या तेरवीले लाव.

"बुढाजी, टीव्ही घेऊन चालले का?" कंडक्टरनं विचारलं.

"बायको हाय."

त्यानं एकच तिकीट फाडलं.

बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) हिरव्या होत्या, बोड्या (लहान तळी) भरल्या होत्या. लाखनीला बस बदलली. पोहे खाल्ले. चहा गोड होता, बाकी त्यात काही नव्हतं. दुसऱ्या बसमध्ये शेजारच्या बाईनं पाटीवर मिरच्यांची थैली ठेवली. मी काढली. तिनं पुन्हा ठेवली. मग राहू दिली.

भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानांमागे मिस्त्री बसतो. ही पाटी त्यानंच केलेली. त्याचा बाप दुकानांच्या भिंती रंगवायचा. हा काचेवर मागून, उलटी अक्षरं लिहायला शिकला, म्हणजे पुढून उन्हा-पावसानं रंग जात नाही. आधी आत बल्ब लावायचा, तर काचा तडकायच्या. मग ट्यूबलाइटी आल्या.

"भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा फुटला तवा लय काम होतं," तो म्हणाला. "गोंदियाकडच्या दुकानदारायले 'जिल्हा भंडारा' पुसून पाहिजे होतं. मंग फ्लेक्स आला. आता नुसता बसून राहिलो."

त्यानं काच उजेडात धरली. "वहिनीचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नाहीत. जन्मभर 'अवो' म्हणून भागलं.

"'अवो' लिहू का मंग?" मिस्त्री म्हणाला. "तोंडातून नाही निंगत तर कागदावर द्या. मी माह्या मनानं नाव लिहित नसतो. दुकानवाल्याच्या अक्षरावरूनच काढतो. मांगं वहिनीनंच लिहून देल्तं."

ते अक्षर पाण्यात गेलं. मी दुसरी शिकलेलो. पेन घेतला, लिहिलं. मात्रा वाकडी झाली.

"सरळ करू का?"

"राहू दे."

त्यानं कागद काचेला पुढून चिकटवला आणि मागून लाल रंगानं उलटं नाव काढलं. पंख्याखाली वाळवलं. डब्याच्या फटी बुजवल्या.

येताना पाटी कोणाच्या थैलीखाली ठेवली नाही. संध्याकाळी मुलानं ती टांगली, बटण दाबलं. ट्यूब दोनदा फडफडली, मग लागली.

"बाबा, बराबर हाय ना?"

भंडारा काही लांब नाही. ती होती तेव्हाही एवढंच लांब होतं; नाव तेव्हाही घेता आलं असतं. मी पाटी मोठ्यानं वाचली.

"कौसल्या."

दुकानातून कोणी ओ दिली नाही. पाटी बरोबर होती.