सिलिंडर माझ्या हातात होता

राखणदार, मुंजा, असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. मालवणला आमच्याकडे बांधावर राखणदाराला नारळ ठेवायचे. मी तो गुपचूप फोडून खोबरं खायचे. मला कधी काही झालं नाही. म्हणून हे कोणाला पटवायला लिहीत नाही... अजून राग जात नाही, म्हणून लिहितेय.

वर्ल्ड कपची कामं जोरात होती. आखातात, अल वक्राला कंपनीच्या खोलीत आम्ही दोघंच. आमचे हे रेस्क्यू बोटीवर — समुद्राकाठच्या कामावरचा कोणी पाण्यात पडला, तर उडी मारून त्याला काढायचं. त्यांचं जॅकेट एरवी चपटं असतं. पाण्यात गेलं की आतला छोटा सिलिंडर फुटतो आणि गॅसने ते फुगतं. दर शुक्रवारी खारेपणा घालवायला मी ते गोड्या पाण्याने धुवायचे. सिलिंडर आधी काढून ठेवायचा.

त्या शुक्रवारी तो हाताला हलका लागला. तोंडाला भोक होतं.

"अहो, हा वापरलेला आहे."

"माहितीय. सरावाच्या ड्रिलमध्ये सगळ्यांचे फुटले, स्टोअरवाल्याने तेच परत लावले. नवीन येतील म्हणतो, इन्शाल्ला."

"आणि तोवर?"

"तोवर मला पोहता येतं. तू जेवायला वाढ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बूट घालून, बुडणाऱ्याला धरून माणूस किती पोहणार? पण मी कधी मोठ्याने बोललेली नाही. जॅकेट धुतलं, स्टँडवर टाकलं, ताट वाढलं.

भर दुपार. हे जेवत होते. मी ओट्याशी, सिलिंडर मुठीत आवळून उभी... आणि मागे फस्स आवाज झाला. जॅकेट फुगत होतं. एकदम नाही — थांबून, दम घेऊन, परत. तोंडाने फुगवायची नळी असते, तिचं झाकण बंद होतं. ह्यांचा घास हातातच राहिला.

ह्यांनी सुपरवायझरला बोलावलं. नाईकसाहेब आले, बघून हसले. "वहिनी, फुंकलंत ना? नवऱ्याला सुट्टी हवी तर सरळ सांगायचं!"

माझं तोंड कसं उघडलं, कोण जाणे. सिलिंडर त्यांच्या हातावर आपटला. "हाच लावा. जॅकेट तुम्ही घाला आणि मारा बंदरात उडी. मी बघायला येते. यल्ला, चला!"

साहेब त्या भोकाकडे बघत राहिले. हसू गेलं. "खलास," म्हणाले, "उद्या बोट निघणार नाही."

आणि दोन दिवसांत सगळ्यांचे नवे सिलिंडर आले. म्हणजे आणता येत होते!

त्या दुपारी साहेब गेल्यावर मी नळी दाबून हवा सोडली होती. ती तोंडावर आली — ऊबदार, ओलसर, माणसाच्या श्वासासारखी.

ऑफिसात अजून म्हणतात, वहिनींनीच फुंकलं. म्हणू देत. मागच्या सुट्टीत राखणदाराला नारळ ठेवून आले. ते त्याने केलं का आणखी कोणी, मला आजही कळलेलं नाही. पण राखण ज्यांनी करायची होती, ते तिचा पगार घेत होते.