खुंटीवरच्या बांगड्या

आम्ही राहतो ती बिल्डिंग एका बिस्किटांच्या कारखान्याच्या जागेवर उभी आहे. हडपसरमध्ये त्याला कुणी कारखाना म्हणत नसे, नुसतं 'कंपनी' म्हणत. कंपनी बंद पडून वीसएक वर्षं झाली. बिल्डरने तिचं धुराडं तेवढं ठेवलं, त्याला खालून निळे दिवे लावले आणि माहितीपत्रकात त्याचा फोटो 'वारसा' म्हणून छापला. ज्या पॅकिंग हॉलमध्ये माझ्या आईने उभ्याने आयुष्य काढलं, तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. त्यात पोहताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

मुलीने आयटीतल्या नोकरीच्या जोरावर इथे फ्लॅट घेतला तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. पण आपलं पटणं कुणी विचारत नाही. मी शाळेतून निवृत्त झाले, नारायण पेठेतली भाड्याची जागा सोडली आणि इथे आले. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आईलाही आणावं लागलं. तिचं वय ऐंशी. डोकं शाबूत, कान तिखट, गुडघे गेलेले.

पहिले काही महिने बरे गेले. मग दुपारी चारच्या सुमाराला ती म्हणायला लागली की भाजल्याचा वास येतोय, भट्टी लागली वाटतं. शेजारी कुणी केक करत असेल, असं मी उडवून लावलं. खरं सांगायचं तर एकदोनदा मलाही तो वास आला. दूध, साखर आणि थोडं करपलेलं पीठ. मी खिडकी लावून घेतली आणि कुणाला काही बोलले नाही.

त्यानंतर एके दिवशी ती बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून खाली बघत होती. मी चहा नेला तर म्हणाली, "ती उभी हाय बग गेटवर. डबा घेऊन."

गेटवर सिक्युरिटीवाला सोडून कुणी नव्हतं. पण ती म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

कंपनीचा एक नियम होता. पॅकिंगला उभं राहणाऱ्या बाईच्या हातात काचेची बांगडी चालत नसे. काच मालात पडली तर काय, हे सांगायला नको. पण आमच्या त्या बाया शेतकरी घरांतल्या. नवरा जिवंत असताना हात मोकळा करायचा, तोही रोज सकाळी, हे त्यांच्या पचनी पडेना. मग त्यांनीच एक रीत काढली. गेटच्या आत भिंतीला खुंट्या होत्या, प्रत्येकीची नंबराची. आधी मनगटाला हळदीत भिजवलेला दोरा बांधायचा आणि मगच बांगड्या उतरवून आपल्या खुंटीला अडकवायच्या. हात क्षणभरही उघडा राहता कामा नये. संध्याकाळी भोंगा झाला की उलटं, बांगड्या भरायच्या आणि मग दोरा सोडायचा. साहेब लोक हसत, पण चालू देत. शेजारच्या टेबलावरच्या बाईने दुसरीचा दोरा बांधायचा असा शिरस्ता होता. एका हाताने गाठ मारता येत नाही, एवढंच त्याचं कारण.

आईचा दोरा बांधायची ती मावशी. सख्खी नव्हे. आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायची, आणि दोघी रोज कंपनीत बरोबर जायच्या. फार बोलकी बाई. माझ्या वेणीला नेहमी नावं ठेवायची आणि मग स्वतःच सोडून परत घालायची.

मी अकरा वर्षांची असताना वडिलांना ट्रकने उडवलं. ते ससूनमध्ये बेशुद्ध पडून होते आणि डॉक्टर आईच्या डोळ्यांकडे बघून बोलत नव्हते. आई सकाळी कामावर जायची, संध्याकाळी दवाखान्यात. त्या दिवसांत दोऱ्यावरचा तिचा विश्वास उडाला. तिने कासाराकडून मोठ्या मापाची एक हिरवी बांगडी घेतली, कोपराच्या वर दंडापर्यंत चढवली आणि वरून लांब बाहीचं पोलकं घातलं. हातातल्या सगळ्या बांगड्या खुंटीला, पण ही एक अंगावर. मी घालताना पाहिलं होतं. कुणाला सांगू नको म्हणाली, मी नाही सांगितलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी ट्रे उचलताना दंड टेबलाच्या कडेवर आपटला आणि बांगडी वाढली. आमच्याकडे फुटली म्हणत नाहीत. तुकडे बाहीत अडकले, एक मात्र निसटून माल पुढे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर पडला. तो पुढे उभ्या असलेल्या बाईला दिसला. पट्टा थांबला. सुपरवायझर आला, सगळ्यांना गेटपाशी नेलं आणि खुंट्यांवरच्या बांगड्या तपासल्या. बाकी सगळ्याजणींच्या जोडीने होत्या. मावशीच्या खुंटीवर एक कमी होती.

ती बांगडी सकाळी घरी कपडे धुताना वाढली असेल किंवा वाटेत. तिला स्वतःला आठवेना. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली की असेल, माझीच असेल, तुकडा निऱ्यांत अडकून आत आला असेल. तिच्यावर कुणाला ओरडावंसुद्धा लागलं नाही. आई शेजारी उभी होती. बाहीतली काच दंडात घुसलेली, आणि तोंड बंद.

हॉलमधला सगळा माल त्या दिवशी फेकला. पण दुपारी एक गाडी भरून बाहेर गेली होती, ती परत आणता आली नाही. मावशीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी आईने चुलीपाशी बसून दंडातून तीन तुकडे काढले. मी हळद दाबून धरली. हे आणि बाहीतले, सगळे तुकडे एका फडक्यात बांधून तिने माझ्या हातात दिले आणि कालव्यात टाकून ये म्हणाली. चार दिवसांनी वडिलांनी डोळे उघडले. पुढे ते चांगले म्हातारे होऊन गेले. आईने मनाशी काय हिशेब जुळवला असेल तो असेल. मी कधी विचारला नाही.

मावशी मात्र येत राहिली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, नेहमीच्या वेळेला, नेहमीची साडी, हातात डबा. गेटच्या बाहेर उभी राहायची. कुणी परत बोलावेल असं तिला वाटत असावं. बाया खाली मान घालून तिच्या समोरून आत जायच्या, त्यांत आईही. भोंगा झाला की थोडा वेळ थांबून ती घरी जायची. असे आठ दिवस. नववा दिवस उजाडला आणि ती आली नाही. नंतर ती मंडळी घर सोडून मांजरी गावाला तिच्या दिराकडे गेली, असं कळलं.

हे सगळं आता वर अकराव्या मजल्यावर, चहा गार होत असताना, आई मला सांगत होती, जसं काही मला ठाऊकच नाही. वडील होते तोवर तोंड उघडायची तिला भीती वाटायची. बोललं तर देवाने दिलेलं परत घेतलं जाईल, असं काहीतरी. आता ते नाहीत. म्हणाली, मरायच्या आधी मावशीला सांगायचंय, मला घेऊन चल. आणि हे रोज. चार वाजले की ती खाली उभी. एकदा तर आईने वरूनच हात जोडले. मला आईचा राग आला आणि भीतीही वाटली. मावशी जिवंत तरी आहे का, इथून सुरुवात होती.

जिवंत होती. चौकशी करत करत मांजरीतलं घर सापडलं, आणि एका रविवारी सकाळी मी आईला रिक्षाने घेऊन गेले. मावशी ओट्यावर बसून लसूण सोलत होती. वाळून एवढीशी झालेली, पण ओळखलं लगेच. आम्हाला आत नेलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. माझ्या कापलेल्या केसांना नावं ठेवली. मला वाटलं, नको, आता काही बोलायला नको, चहा पिऊन निघावं.

आईने चहाची वाट पाहिली नाही. दंडातली बांगडी, टेबलाची कड, बाही, सगळं एका दमात सांगितलं. ती काच माझी होती, म्हणाली. तुझी नव्हती.

मावशीने लसणाची पाकळी खाली ठेवली. ती चिडेल किंवा रडेल अशी माझी तयारी होती. तिने वेगळंच विचारलं. "बाकीची बांगडी कुठं गेली?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मावशी, ती मी कालव्यात टाकली. टाकायच्या आधी जमिनीवर जुळवून बघितली होती. नखाएवढाच तुकडा कमी होता. तो पट्ट्यावर सापडला तोच."

"नक्की?"

"नक्की."

"म्हंजे त्या गाडीत काय गेलं न्हाई."

"नाही."

तिने सोललेल्या पाकळ्या एका बाजूला सारल्या. मग जे बोलली ते आमच्याकडे न बघता, हळूहळू. नोकरीचं दुःख वर्षभरात संपलं होतं. पण ती गाडी तिच्या मनातून गेली नव्हती. आपल्या बांगडीची उरलेली काच कुठल्या तरी पुड्यात गेली आणि कुठल्या तरी लेकराच्या पोटात गेली, हे तिने खरं धरलं होतं. गेटवर आठ दिवस ती नोकरी मागायला उभी नव्हती. कुठून काही तक्रार आली का, कुणाच्या पोराला काही झालं का, हे आत जाणाऱ्या बायांना विचारायचं होतं, पण एकही तिच्याकडे बघेना. पुढे आळीत कुणाचं मूल पोटदुखीने रडलं की ती धावत जायची. स्वतःच्या नातवंडांना तिने बिस्किटाला हात लावू दिला नाही. सून तिला तऱ्हेवाईक समजते.

आईने वाकून तिचे पाय धरायचा प्रयत्न केला. मावशीने पाय मागे घेतले, पण रागाने नाही, आईचे गुडघे दुखतात हे तिला दिसत होतं म्हणून. "एवढं एक तरी सांगायचं गं," ती म्हणाली. "कामाचं न्हाई म्हनत मी."

सून चहा ठेवून गेली. कुणी घेतला नाही. मग मावशीने माझ्याकडे मान वळवली.

"हिला नवरा वाचवायचा व्हता," ती म्हणाली. "तू तर शिकलीस, मास्तरीण झालीस. तुला काय वाचवायचं व्हतं?"

मी तीस वर्षं सदाशिव पेठेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. मांजरी तिथून बसने तासाभरावर. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आईला दंडाला धरून उठवलं, तिच्या चपला तिच्या पायात घातल्या, आणि आम्ही रिक्षा बघायला चौकापर्यंत चालत गेलो.