गटारीच्या सकाळचं अंडं

मी आयुष्यात किती कोंबड्या कापल्या ते मला आठवत नाही, आणि एकीचंही मला कधी वाईट वाटलेलं नाही. मी मूळची साताऱ्याकडची. पाहुणा दारात दिसला की आमच्याकडे कोंबडी जायची. माझा मुलगा दिलीप तळोज्याला कंपनीत दिवसभर लोखंड कापतो, पण कोंबडी कापायची म्हटली की नेमका त्याला फोन येतो!

घरच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळायचं खूळ माझंच. कळंबोलीत ट्रकतळाजवळ आमचं बैठं घर आहे, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. बाजारातून मी चार गावठी तलंगा निवडून आणल्या. (तलंग म्हणजे अजून अंडी न घातलेली तरणी कोंबडी.) तुरा लाल झाला की तलंग अंड्यावर येते, हे मला लहानपणापासून ठाऊक. या चौघींचे तुरे तर कुंकवासारखे!

घरी आणून उन्हात सोडल्या, तर तुरे फिकट गुलाबी. विकणाऱ्याने वर छप्पर म्हणून लाल ताडपत्री बांधली होती. तिच्याखाली त्याचं टक्कलसुद्धा लाल दिसत होतं!

"आत्या, अंडं कुठाय?" सून सुनंदा रोज विचारायची. (आमच्यात सून सासूला आत्या म्हणते.)

"येईल."

"कोथिंबीर गेली, तुळस गेली, धुतलेल्या चादरीवर पाय उमटले. येईल कधी?"

"ट्रकच्या हॉर्नमुळे त्यांना टेन्शन आलं असेल," दिलीप म्हणाला आणि दोघं नवराबायको खी खी हसली.

माझं डोकं फिरलं. "गटारीपर्यंत अंडं दिलं नाही तर चौघींना माझ्या हाताने कापीन!"

झालं! श्रावण लागायच्या आधी कोंबडी-मटण खाऊन घ्यायचा तो दिवस. दिलीपने कंपनीतले दोस्त तर बोलावलेच, वर साहेबांनाही बोलावलं. "आईच्या हातचं, घरच्या कोंबडीचं," असं सगळीकडे सांगून आला.

गटारीची सकाळ उजाडली. खुराड्यात अंडं नाही. सुनंदाने वाटण वाटलं, दिलीपला फोन आला. मी सुरी घेऊन नळापाशी बसले आणि हाताला लागली ती पहिली मांडीवर दाबून धरली.

कोंबडी फडफडली नाही. जड झाली. डोळे अर्धे मिटून अंग चोरून बसली आणि घशातून असा आवाज काढला, की बाळंतिणीच्या खोलीबाहेर ऐकलेला आवाज मला आठवला. मांडीवर काहीतरी गरम लागलं.

अंडं!

ओलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत वाळलं. टोकाला रक्ताचा एक ठिपका, पहिलटकरणीचा. सुरी खाली ठेवली कधी ते मला कळलं नाही. इतकी अंडी फोडली मी जन्मात, पण अंडं जगात येताना कधी हातात घेतलं नव्हतं! खरकटं, शिळी भाकरी आणि सुनेची तुळस, एवढ्यावर तिने हे घडवलं. ना भट्टी, ना यंत्र. कुठे सांधा नाही, कुठे शिवण नाही. हात जोडावेसे वाटले, पण हातात अंडं होतं.

"कापली का?" सुनंदा आतून ओरडली.

"बाळंत झाली!"

दिलीपचा फोन लगेच संपला. तिघं वाकून त्या अंड्याकडे बघत बसलो. शेवटी सुनंदा हळूच म्हणाली, "मग उरलेल्या तीन?"

मी त्यांचे तुरे बघितले. आता उन्हातसुद्धा लालभडक! "त्यांच्या पोटात काय चाललंय ते तुला माहितीय? मला नाही. मी हात लावणार नाही."

"आई, साहेब येतायत!"

"येऊ देत. बटाटे चिर."

गटारीला साहेबांच्या ताटात झणझणीत रस्सा आणि त्यात बटाटा! साहेबांनी वाटी ढवळली, पुन्हा ढवळली आणि अदबीने विचारलं, "काकू, कोंबडी कुठाय?"

"मागे हाय. बघून या."

आणि सगळे खरंच उठून बघायला गेले! साहेबांनी कोंबडीखाली ठेवलेलं अंडं तळहातावर घेतलं आणि एवढा मोठा माणूस कुजबुजत म्हणाला, "अजून गरम आहे."

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला आणि उरलेल्या तिघींनीही अंडी द्यायला सुरुवात केली. आता आमच्या घरात श्रावणात अंडं चालत नाही. मग गणपती, मग पितरं, मग नवरात्र. कोंबड्यांना यातलं काही कोणी सांगितलं नव्हतं! टोपल्या भरायला लागल्या. सुनंदा फ्रिजला हात लावू देईना. शेवटी ट्रकवाल्यांना वाटली. माझी अंडी एक्सप्रेसवेने पुण्याला गेली, पुढे कुठे गेली देव जाणे.

दसरा झाला. म्हटलं, आता खाते! तर चौघीही खुडूक. अंडी बंद, खुराड्यात रिकाम्या जागेवर फुगून बसलेल्या, हात पुढे केला की टोच.

पण जीभ ऐकते का? दिलीपला दुकानातून अंडी आणायला पाठवलं. सुनंदाने अंड्याची पोळी टाकली. ताट घेऊन मी सवयीने मागच्या पायरीवर बसले, तर चौघी माझ्याकडे बघत होत्या.

मी उठले, आत गेले आणि दार लावून जेवले.