बॅटरीचं पाणी
इन्व्हर्टरमध्ये घालायला डिस्टिल वॉटरचा कॅन उघडला, की मला पिंपरीतल्या त्या वॉर्डातली बुडबुड ऐकू येते. अब्बांना दम लागून दाखल केलं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी, आणि भिंतीवर तो ऑक्सिजन ओला करणारी पाण्याची बाटली. बाटलीतलं पाणी संपलं तशी वॉर्डातल्या मामांनी ती काढली, बेसिनच्या नळाखाली भरली आणि परत लावायला आले. अब्बांचा आख्खा जन्म दापोडीत बॅटऱ्यांच्या दुकानात गेलेला. ते धापा टाकतच उठून बसले. “नळाचं? अरे, मी रिक्षाच्या बॅटरीतसुद्धा नळाचं पाणी घालत नाही!” मामा हसले. “चाचा, पाणी ते पाणी. सगळ्यांना हेच घालतो.” माझं डोकंच फिरलं. मी असा आवाज चढवला की सिस्टर धावत आल्या. डिस्टिल वॉटरच्या सीलबंद बाटल्या कपाटात होत्या, थप्पीच्या थप्पी, आणि वर कुलूप! अब्बांची बाटली धुऊन, चांगलं पाणी भरून लावेपर्यंत मी तिथून हलले नाही. मग ओढणीने घाम पुसत, लढाई जिंकल्यासारखी स्टुलावर बसले. अब्बा माझ्याकडे बघतच राहिले. “आणि शेजारच्यांचं?” शेजारच्या खाटेवर चाकणकडचे एक आजोबा डोळे मिटून पडले होते, आणि त्यांच्या बाटलीत नळाचंच पाणी बुडबुडत होतं. मामांवरचा राग केव्हाच निवला. पण “त्यांचं त्यांचे लोक बघतील” असं मी अब्बांना म्हणाले, ते आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.