जीनवाल्या काकांचा शब्द

घोड्याची खोगिरं शिवणाऱ्या जीनवाल्या काकांसमोर ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी या अर्थाने वापरायची सोय नव्हती. डहाणूत ज्यांनी तो वापरला त्यांना चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. त्यात एक मुख्याध्यापक होते, एक नगरसेवक होते आणि मी होतो. तेव्हा मी एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. तलासरीतल्या एका सभेच्या बातमीत मी ‘ठरावांची खोगीरभरती’ असं लिहिलं. दुसऱ्या सकाळी काकांनी दुकानात बोलावून घेतलं. अर्धं शिवलेलं खोगीर माझ्यापुढे टाकून त्यांनी आतली लोकर मूठमूठ उपसली.

“आता बस यावर, पत्रकार. तुला काही होणार नाही. घोड्याची पाठ सोलून निघेल. भरती त्याच्यासाठी असते, बसणाऱ्यासाठी नसते.”

काकांचे वडील घाटावरून आले तेव्हा स्टेशनबाहेर टांगे उभे असत. टांग्याचा सगळा चामडी साज त्यांच्याच हातचा. रिक्षा आल्या, टांगे गेले, गाळा राहिला. काकांच्या वाट्याला हौसेने घोडा पाळणारे चिकूवाडीवाले, किनाऱ्यावर पोरांना फिरवणारे आणि सीमेवरच्या झाई गावापासून पलीकडे गुजरातपर्यंत वरातीच्या घोड्या ठेवणारे उरले. काम कमी होत गेलं तसा काकांचा राग वाढत गेला. टाका वाकडा पडला तर ते बोलत नसत. चामडं कापायच्या रापीने सरळ कापून टाकत. थोरल्या मुलाचे टाके रोज कापले जात. त्याने रेल्वेची परीक्षा दिली. धाकटा वापीच्या कंपनीत लागला. दोघांबद्दल काका एवढंच म्हणत, “सुटले.” कोण कोणापासून, ते सांगत नसत.

मुलगी सुनंदा मधली. तिचं लग्न तलासरीच्या एका शिक्षकाशी झालं, पण दुकान सुटलं नाही. आठवड्यातले चार दिवस ती चारोटीला गाडी बदलून डहाणूला येई आणि भरती करी. कापूस ती वापरत नसे, तो घामाने गोळा होतो. लोकर बोटांनी पिंजून ती थोडी थोडी आत सारी आणि डोळे मिटून वरून तळहात फिरवी. तिने भरलेल्या खोगिरावर काकाही एकदा हात फिरवत आणि काही न बोलता ते खुंटीला लावत. त्यांची रापी तिच्या कामाला कधी लागली नाही. झाईचा एक घोडीवाला तर काकांना तोंडावर सांगे, “भरवानुं काम तो बेन पासेज करावजो, काका.” भरती ताईंकडूनच करून घ्या, असं सुनावणाऱ्या या एकाच गिऱ्हाइकाचा उद्धटपणा त्यांना चालत असे.

“गाळा नंदीचा,” असं काका सुनंदाबद्दल सगळ्यांना सांगत. चहाच्या टपरीवर सांगितलं, दिवाळीत दोन्ही मुलांसमोर सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या. छातीत पहिली कळ आली तेव्हा मी त्यांना म्हटलं की हे कागदावर घ्या, वकील दुकानात येईल, अर्ध्या तासाचं काम आहे. ते उठून उभे राहिले.

“माझ्या पोरांना माझा शब्द पुरत नाही, असं म्हणायचंय तुला? निघ.”

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. चार महिन्यांनी गेले.

तेरावं झालं आणि आठवड्याभरात भावांनी हक्कसोडपत्र तयार करून आणलं. आपल्याकडे बहिणी त्यावर सही करतात. सही करणारीला भाऊबीज मिळते, न करणारीचं माहेर तुटतं. हा कायदा नाही, पण कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो. गाळा मोबाईलच्या दुकानाला विकायचं ठरलं होतं. सुनंदाने मला सोबत बोलावलं म्हणून मी निबंधक कार्यालयात होतो. तिने कागद वाचून दाखवायला सांगितला. लेखनिकाने वाचला. ‘वडिलांच्या इच्छेनुसार व राजीखुशीने’ इथे तिने त्याला थांबवलं.

“दादा, ही बाबांची इच्छा होती?”

“ताई, ते असंच लिहितात. छापील असतं,” धाकटा म्हणाला.

थोरल्याने समजूत काढली. तू लोकर भरायचीस, ती तलासरीतही भरता येते. दुकान बाबांचं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सही कर. माहेर कुठे पळून जातंय तुझं?”

“आणि नाही केली तर?”

थोरल्याने कागद तिच्यापुढे सरकवला. सुनंदाने पेन टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर पडली.

मला राग भावांचा आहेच. पण त्यांच्यासारखे भाऊ मी बातम्यांमध्ये शेकड्याने पाहिले. काकांचा राग जास्त येतो. वाकडा टाका त्यांना क्षणभर सहन होत नसे. बातमीतला एक शब्द चुकला म्हणून त्यांनी मला सकाळी सकाळी दुकानात उभं केलं. आणि जिच्या हातावर शेवटची दहा वर्षं त्यांचं दुकान चाललं, तिच्यासाठी त्यांनी एक ओळ लिहिली नाही. कागद मागणं त्यांना अपमान वाटला. तो अपमान आता ती भोगते आहे.

तिच्या सहीशिवाय गाळा विकता येत नाही. भावांनी त्याला कुलपं लावली आहेत. एकमेकांवर भरवसा नसल्यामुळे दोन. भाऊबीजेला तिला कोणी बोलावलं नाही. ती तलासरीला घराच्या ओटीवर भरतीचं काम करते. हत्यारं आणि चामडं गाळ्यातच अडकलं आहे. चामड्याला तेल मिळालं नाही की ते तडकतं, म्हणून तिने थोरल्याला कळवलं की महिन्यातून एकदा, तुमच्यासमोर, दार उघडा. मी तेल लावून निघून जाईन.

उत्तर तिने मला फोनवर दाखवलं. चारच शब्द होते. ‘आधी सही, मग तेल.’