कृष्णातच्या नावापुढची रिकामी चौकट

दर शनिवारी दुपारी, जेवणाचा डबा धुऊन झाला की राजमती मगदूम खोटं लिहायला बसायची. आपण खोटं लिहितोय असं तिला वाटायचं बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंगवल्यांची बेकरी. पाव, खारी, टोस्ट, केक, कामगार एक्केचाळीस. राजमती तिथं ऑफिसात होती, अठरा वर्षं. हातकणंगल्याजवळच्या शेतकरी घरातली ती सून. बी.कॉम. झालेली, पण लग्नानंतर सहा वर्षं गोठ्याबाहेर पडली नव्हती. थोरले मालक सयाजीराव इंगवल्यांनी तिला कामावर घेतलं, खुर्ची दिली आणि पहिल्याच आठवड्यात हजेरीपुस्तक पुढ्यात ठेवून समजावलं, “बाई, सगळ्यांची एकच वेळ लिवू नका. माणसं म्हणजे काय घड्याळं न्हाईत.”

तेव्हापासून ती सात अठ्ठावन्न लिहायची, आठ चार लिहायची. जायची वेळ पाच, पाच तीन, पाच सहा. दोन पेनं ठेवायची, म्हणजे शाई एकसारखी दिसायला नको. कामगार येऊन न बघता सह्या करून जायचे. गेटवर सरकारी नियमाचा तक्ता लावलेला होता: दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्यावर काम घेतलं तर दुप्पट पगार. त्या तक्त्याखालून माणसं पहाटे चारला आत जायची आणि पीठ संपेल तेव्हा बाहेर यायची.

डिसेंबरात तर विचारायलाच नको. थंडीत पीठ फुगायला वेळ लागतो आणि नेमके तेव्हाच एकतीस तारखेचे केक. सयाजीराव जाऊन चार वर्षं झाली होती. आता त्यांचा मुलगा विजयसिंह बघायचा. माणूस वाईट नव्हता. कामगारांच्या घरच्या लग्नाला जायचा, पंगतीत बसून जेवायचा. पण आलेल्या ऑर्डरला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही.

तेवीस सालचा डिसेंबर. एकोणतीस तारीख, शुक्रवार. गाड्यांची बिलं करत राजमती त्या दिवशी उशिरापर्यंत थांबली होती. सव्वासात वाजून गेले असतील. आतून मशीनचा आवाज एकदम बदलला, मग कुणीतरी ओरडलं, “बटन! बटन दाबा!”

ती धावली. पीठ मळायच्या मोठ्या मशीनपुढं तिथला कामगार कृष्णात उभा होता. मशीनच्या फिरत्या लोखंडी आकड्याला चिकटलेलं पीठ खरवडायला त्यानं हात घातला होता, मशीन चालू आहे हे विसरून. वर झाकायची जाळी असते. घाईत ती कुणी लावतच नव्हतं. उजवा हात त्यानं डाव्यानं पोटाशी धरला होता. चेहऱ्यावर वेदनेपेक्षा ओशाळलेपण जास्त.

“ताई,” तो म्हणाला, “सगळं पीठ वाया गेलं.”

विजयसिंहानं स्वतःच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. तीन बोटं गेली.

शनिवारी सकाळी विजयसिंह ऑफिसात आला. रात्रभर जागा होता, डोळे लाल. दार लोटून घेतलं.

“ताई, सोमवारी कारखाना तपासायला सरकारी बाई येणार. विम्याच्या ऑफिसातही अपघात कळवायचाय. हजेरी नेहमीसारखी भरा. कृष्णात पाचला सुटला. मग घरी केक न्यायचा म्हणून परत आला आणि आपणहून मशीनजवळ गेला. एवढंच.”

“दादा, त्यो पहाटे चारपासनं—”

“मला ठावं हाय की!” त्याचा आवाज चढला. लगेच त्यानं तो खाली आणला. “एकाचं खरं लिवलं की चाळीस जणांचं लिवाय लागतंय. कुलूप लागंल कारखान्याला. मग एक्केचाळीस घरं कुणाच्या दारात जाऊन बसायची? कृष्णातचं मी बघतो. शब्द हाय माझा.”

तो गेला. राजमतीनं पुस्तक उघडलं. केरबा, आठ दोन, पाच चार. जोतीराम, सात एकोणसाठ, पाच. हात सवयीनं चालत होता. कृष्णातच्या ओळीवर आला आणि थांबला. सोमवार ते गुरुवार भरले. शुक्रवारच्या चौकटीवर पेन टेकवलं, उचललं. दुसरं पेन घेतलं. शेवटी पुढच्या नावावर गेली. पाणी पिऊन आल्यावर लिहू, असं तिनं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी पुस्तक कपाटात गेलं तेव्हा ती चौकट तशीच होती.

रविवारी ती दवाखान्यात गेली. मनात होतं की कृष्णातच सांगेल काय करायचं ते. त्यानं सांगितलंही.

“मालक म्हणत्यात तसं लिवा ताई. गेटवर बसवतो म्हणाल्यात मला. मशीन आता जमायचं न्हाय, पर काम तरी ऱ्हाईल.”

खाटेच्या पायथ्याशी त्याची आई धोंडुबाई बसली होती. तिनं मान वर केली.

“काय लिवायचं म्हनं?”

“पाचला सुटलोतो म्हणून,” कृष्णात म्हणाला.

“पाचला?” म्हातारी राजमतीकडं वळली. “अकरा वर्सं झाली ह्येला तिथं लागून. दिवा लावायच्या टायमाला घरात बघितल्याला न्हाय मी ह्येला. तुमच्या वहीत रोज पाचला सुटतोय व्हय? मग जातोय कुठं त्यो?”

म्हातारी थांबली नाही.

“आन् उद्या इमावाल्यांनी इचारलं, बाबा, सुटी झाल्यावर मशीनीपाशी काय करत हुतास, तर काय सांगायचं ह्येनं? हौस आली म्हनून हात घातला?”

“आई, गप की,” कृष्णात म्हणाला, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

घरी येताना राजमतीनं स्कूटी दोनदा बाजूला घेऊन थांबवली. नोकरी जाईल, हे उघड होतं. थोरली मुलगी आदिती कॉलेजात होती. शिवाय अठरा वर्षांची ती पुस्तकं, पानन् पान तिच्याच अक्षरातलं. विजयसिंहाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. पकडलं जाणार होतं ते अक्षर. रात्री तिनं नवऱ्याला, बाहुबलीला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मी तुला लिव म्हणणार न्हाय आणि लिवू नको असंबी म्हणणार न्हाय. नंतर तू मला बोल लावशील.” तिला त्याचा रागच आला.

सोमवारी अकराला बाई आल्या. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. मशीन बघून आल्या, जाळी हलवून बघितली, फोटो घेतले. मग ऑफिसात बसून हजेरीपुस्तक मागितलं. विजयसिंह समोरच्या खुर्चीत होता. चहा आला होता, पण कुणी कपाला हात लावला नाही.

बाईंचं बोट ओळीओळीनं खाली सरकत होतं. राजमती त्या बोटाकडं बघत उभी होती. बोट थांबलं.

“शुक्रवारी कृष्णातची वेळ भरलेली नाही?”

विजयसिंहानं झटकन मान वर केली. त्यानं पुस्तक बघितलंच नव्हतं. अठरा वर्षांत कुणालाच ते बघायची गरज पडली नव्हती.

“राहिलं असंल,” तो म्हणाला. “पाचला सुटला होता तो. ताई, सांगा की.”

राजमती दाराबाहेर पडली. विजयसिंहानं मागून हाक मारली तरी थांबली नाही. पीठ मळायच्या विभागात खिळ्याला एक मळकट वही टांगलेली असायची. प्रत्येक घाण्याचं पीठ कधी मळलं, पाणी किती, पुढं ज्यानं मळलं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. पाव बिघडला तर चूक शोधायला ती वही लागायची, म्हणून तीत कुणी खोटं लिहीत नसे. ती तिनं आणून बाईंपुढं उघडी ठेवली.

पहिला घाणा, पहाटे चार पंचवीस, कृ. शेवटचा, सात दहा, कृ. मधले नऊही कृ.

“हे खरं हाय,” राजमती म्हणाली. “त्ये पुस्तक मी शनिवारी बसून भरते. सगळ्यांचं. पहिल्यापासनं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे तुमच्यावरही येऊ शकतं, कळतंय ना?”

“व्हय.”

“तरी जबाब देणार?”

“लिवा,” राजमती म्हणाली आणि त्या सकाळी पहिल्यांदा खुर्चीत बसली.

जबाबाला तास लागला. बाई गेल्यावर विजयसिंह खिडकीशी उभा राहिला.

“आमच्या आबांनी तुम्हाला पोटच्या लेकीसारखं वागवलं,” तो पाठमोरा म्हणाला. “उद्यापासनं येऊ नका.”

“त्यांनीच शिकवलं, दादा, ह्ये पुस्तक भरायला,” ती म्हणाली आणि डबा उचलला.

बेकरीला कुलूप लागलं नाही. खटला दाखल झाला, तो चालू आहे. दारात बोट लावून हजेरी घ्यायचं मशीन बसलं, दोन पाळ्या झाल्या, चौदा माणसं नवी लागली. कृष्णातचा अपघात कामावरचाच म्हणून विम्यात धरला गेला, पेन्शन सुरू झाली. गेटवर मात्र त्याला कुणी बसवलं नाही. जोतीराम बाजारात भेटला तेव्हा तोंडावर म्हणाला, “ताई, जादा काम बंद झालं आमचं तुमच्यापायी.” बाजूला उभी असलेली त्याची बायको म्हणाली, “बंद झालं त्ये बरं झालं.” दोघांचं तिथंच जुंपलं.

राजमतीला पाच महिने काम मिळालं नाही. मग राजारामपुरीतल्या एका क्लासच्या ऑफिसात लागली. पगार कमी, जाणं-येणं लांब.

परवा साक्षीची तारीख होती. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकडं एकच. विजयसिंह आधीच येऊन बसला होता. ती उभीच राहिली, तेव्हा तो सरकला.

“बसा की. जेवलासा?”

“व्हय.”

ती बाकड्याच्या टोकाला बसली.

“संध्याकाळी कारखाना रिकामा दिसतोय आता,” तो म्हणाला. “दुसरी पाळी यायच्या आत अर्धा तास कुणीच नसतंय. मी एकटाच फिरतो आत. कृष्णात बरा हाय?”

“डाव्या हातानं लिवाय शिकतोय.”

त्यानं मान हलवली, आणखी काही विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून शिपायानं तिचं नाव पुकारलं. राजमतीनं पदर सारखा केला आणि ती आत गेली.